आई, माझे फोन घेशील?

सकाळी साडेसातला तुमचा फोन कशासाठी वाजतो? अलार्मसाठी? नशीबवान आहात! माझा वाजतो तो 'चिमणीचा पॉइंट डावीकडे घ्यायचा की उजवीकडे?' हे विचारायला.

मॉड्युलर किचन बसवणं हा आमचा धंदा. आम्ही म्हणजे मी आणि माझा पार्टनर. ठाण्यात छोटंसं ऑफिस, दोन सुतार, एक टेम्पो. आणि व्हिजिटिंग कार्डापासून टेम्पोच्या मागच्या दारापर्यंत सगळीकडे छापलेला एकच मोबाइल नंबर. माझा! धंदा सुरू केला तेव्हा दुसरं सिम कशाला घ्या, असा हिशेब केला होता. महिन्याचे दोन-तीनशे वाचवले. त्या बचतीची किंमत गेल्या गणपतीत कळली.

गणपतीला आम्ही सगळे गुहागरजवळच्या गावी जातो. घरात रेंज शून्य. मागच्या चढावर आंब्याखाली उभं राहिलं की दोन काड्या येतात. इकडे आमचा सीझन मात्र ऐन भरात. दिवाळीच्या आत ज्याला त्याला नवीन किचन हवं असतं. पार्टनरही त्याच्या गावी. पाच दिवस फोन बंद ठेवला तर तेवढ्यात कोटेशन दुसऱ्याचं मंजूर होणार. मग काय करायचं? उत्तर फोनमध्येच होतं. कॉल फॉरवर्डिंग!

हा फंडा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सेटिंग्जमध्ये पाहिला असेल आणि पुढे सरकला असाल. तर त्यात चार पर्याय असतात. पहिला सरसकट : तुमचा फोन वाजतच नाही, प्रत्येक कॉल थेट दुसऱ्या नंबरवर. बाकीचे तीन अटींचे : तुम्ही बिझी असाल तर, उचलला नाही तर आणि रेंजमध्ये नसाल किंवा फोन बंद असेल तर. हे सगळं नेटवर्ककडे नोंदवलं जातं, त्यामुळे तुमचा हँडसेट बंद पडला तरी काम चालू राहतं. कॉलच्या पुढच्या टप्प्याचा खर्च लागलाच तर तो तुमच्या प्लॅनमधून. समोरच्याने नेहमीसारखाच तुम्हाला फोन लावलेला असतो.

फॉरवर्ड करायचं कोणाला, हा खरा प्रश्न. आणि तिथे माझ्या हाताशी हुकमी एक्का होता. आई!

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, कोकणचा प्रवास झेपणार नव्हता. ती ठाण्यालाच राहणार होती. रात्री सोबतीला मावशी. आणि आमची आई म्हणजे साधीसुधी आई नाही. ती एकेकाळी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग कॉलच्या जमान्यातली. तिचा लाडका किस्सा म्हणजे स्ट्रोजरचा. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा माणूस होता. त्याची गिऱ्हाइकं फोनवरून दुसऱ्याच दुकानाला जोडली जातात, कारण एक्स्चेंजमधली ऑपरेटर त्या दुकानदाराची बायको आहे, असा त्याला संशय आला, अशी गोष्ट सांगतात. वैतागून त्याने ऑपरेटर न लागणारं ऑटोमॅटिक एक्स्चेंजच शोधून काढलं आणि १८९१ मध्ये पेटंट मिळवलं. 'म्हणजे बघ,' आई म्हणते, 'फोन कोणाचा यापेक्षा तो उचलतं कोण, हे महत्त्वाचं.'

'आई, पाच दिवस माझे फोन घेशील?' मी विचारलं.

'वही आणून दे,' ती म्हणाली.

सरसकट फॉरवर्ड लावला आणि मी निघालो. बॉस, काय सांगू! आयुष्यातला पहिला शांत गणपती. संध्याकाळी आंब्याखाली जायचं आणि आईला फोन करायचा, 'आज किती?' तिने आमच्या गिऱ्हाइकांचीही तिच्या पद्धतीने वर्गवारी केली होती. हँडल सैल झालंय : ऑर्डिनरी. लॅमिनेटचा रंग बदलायचाय : अर्जंट. सिंकखाली पाणी साचतंय : लाइटनिंग! लाइटनिंगवाल्यांकडे ती त्याच दिवशी सुतार आणि प्लंबर पाठवत होती. एका बाईंशी तर अर्धा तास उकडीच्या मोदकांवर बोलून तिने ॲडव्हान्सची तारीख पक्की केली. ज्या बाई मला तीन आठवडे 'कळवते' म्हणत होत्या, त्याच!

चौथ्या दिवशी आरत्यांच्या गडबडीत चढावर जायला साडेनऊ वाजले. 'आज किती?' म्हणेपर्यंत पलीकडून मावशीचा आवाज आला. 'अरे, कुठे आहेस तू? ताई पडली संध्याकाळी.'

स्वयंपाकघराच्या दारात पाय घसरला होता. ऑपरेशनचाच गुडघा. शेजारच्या काकूंनी रिक्षाने दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, नुसती सूज. पण त्याआधी पाऊण तास ती जमिनीवर बसून होती आणि मला फोन लावत होती. बाबा आणि बायकोचे फोन आऊट ऑफ रेंज. माझा मात्र सारखा एंगेज. तिला वाटलं, मी कोणाशी तरी बोलतोय.

मी कोणाशीच बोलत नव्हतो. माझ्या नंबरवर येणारा प्रत्येक कॉल आईच्या मोबाइलवर जात होता. आईचासुद्धा! तिने मला लावलेला फोन फिरून तिच्याकडेच यायचा आणि तिची लाइन तर त्याच कॉलमुळे अडकलेली. चार दिवस संध्याकाळी फोन मीच करायचो, म्हणून हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. साऱ्या ठाण्याच्या गिऱ्हाइकांची मी सोय केली होती. माझ्यापर्यंत पोचू न शकणारं माणूस एकच, ज्याच्या जिवावर मी ती केली ते.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. आई पलंगावर, पायाखाली दोन उशा. ओरडली नाही. 'सरसकट लावलास ना? मला आधी सुचायला हवं होतं,' एवढंच म्हणाली. ती झोपल्यावर वही उघडली. वेळ, नाव, काम, निरोप, सगळं रांगेत. मध्येच चार ओळी :

७.१० स्वतः. एंगेज.
७.१२ स्वतः. एंगेज.
७.२१ स्वतः. एंगेज.
७.३४ स्वतः. एंगेज.

आणि त्याखाली ७.४० ला एका गिऱ्हाइकाचा फोन. ट्रॉली अडकते. ऑर्डिनरी. जमिनीवर बसून तिने तोही घेतला होता.

तर मंडळी, फॉरवर्डिंग वाईट नाही. मी आजही वापरतो, पण आता जरा डोकं लावून. धंद्याचं सिम वेगळं घेतलंय. फॉरवर्ड होतो तो फक्त तोच नंबर. घरच्यांचा नंबर कधीच, कुठेही वळवायचा नाही. सरसकट पर्याय बंद. 'उचलला नाही तर' आणि 'रेंजमध्ये नसेल तर' हे दोनच चालू, तेही पार्टनरच्या नंबरवर. त्याला विचारून, कधीपासून कधीपर्यंत हे ठरवून. परतीच्या दिवशी फॉरवर्ड काढायचा रिमाइंडर निघतानाच लावायचा. आणि लावून झाल्यावर दुसऱ्या फोनवरून एकदा स्वतःलाच फोन करून बघायचा, ज्याच्याकडे कॉल जाणार आहेत त्याच्या फोनवरूनसुद्धा! हो, व्हॉट्सॲपचे कॉल आणि एसएमएस यातून वळत नाहीत. ते तुमच्याच फोनवर येणार, हे गिऱ्हाइकांना सांगून ठेवा.

आणखी एक. 'तुमच्या लाइनमध्ये प्रॉब्लेम आहे, हा कोड डायल करा' असा अनोळखी फोन आला तर सरळ कट करा. स्टार किंवा हॅशवाला कोड आणि पुढे मोबाइल नंबर, म्हणजे बहुधा तुमचे कॉल त्या भामट्याकडे वळवायचा डाव. फोनवर ऐकवला जाणारा ओटीपीसुद्धा मग त्यालाच ऐकू येतो. या भानगडींमुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# सारखे कोड डायल करून फॉरवर्ड लावायची सोय थांबवायला लावली होती. शंका आली तर सेटिंग्ज उघडून कुठला अनोळखी नंबर तर भरलेला नाही ना, ते बघा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच तक्रार करा.

आईचा गुडघा आता बरा आहे. परवा तिने स्वतःहून विचारलं, 'दुपारी दोन ते चार तुम्ही साइटवर असता ना? तेवढे फोन इकडे दे.' मी म्हटलं, नको गं, दगदग होईल. तर म्हणाली, 'दगदग कसली! फक्त माझ्या दोन अटी. रिचार्ज तुझा. आणि रोज रात्री फोन करायचा, किती कॉल आले ते न विचारता.'

पहिली अट सोपी होती. दुसरीसाठी मी रिमाइंडर लावलाय.