पडद्याची दिवेलागण

लोहाराच्या भट्टीतले लोखंड आपण पाहिले असेलच. आधी ते लालबुंद होते, मग पिवळे आणि ताव आणखी चढला की पांढरेफटक. प्रकाशाचा रंग मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी हाच हिशेब धरला आणि केल्विन ह्या मापात मांडला. मौज अशी, की आपल्याला जो प्रकाश उबदार वाटतो, त्याचाच आकडा लहान! दारातली पणती सुमारे 1900, जुना तारेचा दिवा 2700, भर दुपारचे ऊन 5500च्या घरात आणि संगणकाचा पडदा साधारण 6500. म्हणजे रात्री अकराला आपण जो पडदा उघडून बसतो, त्याचा रंग दुपारचा असतो.

त्याने बिघडते काय? झोप! दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवणाऱ्या काही निराळ्या पेशी आपल्या डोळ्यांत असतात. त्या स्वतःच प्रकाश ओळखतात, हे 2002 साली दाखवून दिले गेले. निळ्या प्रकाशाने त्या विशेष जाग्या होतात आणि झोपेची वर्दी देणारे मेलाटोनिन मग उशिरा पाझरते.

म्हणून सूर्य मावळताच पडद्यातला निळा अंश उतरवणारा ‘फ्लक्स’ हा प्रोग्राम 2009 साली निघाला. 2016 मध्ये आयफोनने आणि 2017 मध्ये विंडोजने ही सोय अंगभूतच करून टाकली. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली ‘नाईट लाईट’ सापडेल. गाव कळले की मावळतीची वेळ यंत्र स्वतःच काढते. नाशकात जूनमध्ये सात वाजून गेल्यावर, दिवाळीत सहाच्या सुमारास. मात्र येवल्याची पैठणी पडद्यावर निवडायची असेल, तर गृहिणींनी तेवढ्यापुरती ही सोय बंद करावी. नाहीतर निळा रंग हिरवट दिसायचा आणि पार्सल उघडल्यावर घरात वाद व्हायचा!

पण आता घरोघरचे चिरंजीव म्हणतात, “बाबा, पडदा पिवळा केलाय, मग हरकत काय?” आणि दोन वाजेपर्यंत जागतात. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ही सोय लावून आणि न लावता फोन पाहणाऱ्या तरुणांची झोप ताडून पाहिली. 2021 साली त्यांनी सांगितले, की म्हणण्याजोगा फरक नाही. रंग उतरला, तरी हातातला खेळ तोच आणि मनाची गुंतवणूकही तीच राहते.

सकाळच्या पहिल्या तासाला वर्गातले डोळे पाहिले, की रात्री पडदे किती वाजता मिटले, हे हजेरीआधीच कळते. पूर्वी दिवेलागण झाली की पोरे अंगणातून घरात येत, हातपाय धूत, आवाज खाली येत. सारे घरच सांजेला वळे. यंत्र फार तर रंगाची सांज करील. तेव्हा पडदा खुशाल पिवळा करावा, त्याचा उजेडही निम्म्यावर आणावा आणि निजण्याआधी तासभर तो बाहेरच्या खोलीत ठेवून यावा. ह्यात पहिला नंबर मात्र वडीलधाऱ्यांनी लावावा.