मिगला शवपेटी म्हणण्याआधी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण सांगितलं तर हसाल. गेले दोन महिने मी साताऱ्यात घरच्या टेबलावर मिग-२१ जोडत होतो. प्लॅस्टिकचं, १/७२ प्रमाणाचं. हे प्रमाण मला फार आवडतं, कारण त्यात सहा फुटी माणूस बरोब्बर एक इंचाचा होतो. सातवीच्या वर्गाला गुणोत्तर शिकवताना असं उदाहरण हाती असतं तर किती बरं झालं असतं!

विमान तयार झालं आणि कंदी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून एसटीनं सांगलीला ताईकडे नेलं. दाजींनी खोकं उघडलं नि म्हणाले, "गुरुजी, ही तर उडती शवपेटी! शोकेसमध्ये कशाला ठेवायची?"

दाजींचंच काय, बहुतेकांचं मत हेच. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा सलामी आणि गौरवाची भाषणं झाली. पण घरोघरी आठवला तो हाच शब्द. मला तो शब्द पटत नाही. आकडे खोटे आहेत म्हणून नव्हे. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं होतं की मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातात गेली आणि १७१ वैमानिक दगावले. हे कोण नाकारणार? पण शवपेटी म्हटलं की सगळा दोष यंत्राचा ठरतो आणि आपण चहा प्यायला मोकळे होतो.

हे विमान हातानं जोडताना काही गोष्टी आपोआप कळतात. अंग म्हणजे एक लांब नळकांडं. पुढून हवा आत, मागे इंजिन, आणि मध्ये कुठेतरी माणसाला बसायला जागा. (त्या नाकात सायकलचे छर्रे भरावे लागतात, नाहीतर विमान शेपटीवर बसतं.) पंख त्रिकोणी, पातळ आणि आखूड. खऱ्या विमानात या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, माझ्या टेबलावर जेमतेम दहा सेंटिमीटर. पॉलिश पेपरनं पंखाची कड घासताना मनात येतं, एवढ्याशा पंखावर एवढं धूड तरंगणार कसं? तर वेगावर. आवाजाच्या दुप्पट वेगानं उंचावर झेपावून शत्रूचं विमान गाठायचं, यासाठी ते १९५०च्या दशकात घडवलं गेलं. त्याची किंमत उतरताना मोजायची. धावपट्टीकडे येतानाच वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे, आणि टेकल्यावर थांबवायला शेपटीत पॅराशूट. कसलेल्या हाताला ते उत्तम साथ देई. आपल्या सातारा सैनिक स्कूलचे विद्यार्थी प्रदीप नाईक याच विमानांवर वाढले आणि २००९ मध्ये हवाईदल प्रमुख झाले.

पण कसलेला हात तयार कसा व्हायचा? इथे माझ्यातला मास्तर जागा होतो. बालवाडीतून थेट दहावीत बसवलं तर पोर नापास होणारच. आपले तरुण वैमानिक किरणसारख्या संथ विमानावर शिकून या वेगवान विमानावर येत. मधली पायरीच नव्हती. ती हवी, असं ला फाँटेन समितीनं १९८२ मध्ये सांगितलं. हॉक विमानं हवाईदलात दाखल झाली २००८ मध्ये. सव्वीस वर्षं! यात मिगचा काय दोष, सांगा.

त्या सव्वीस वर्षांच्या आतच, सप्टेंबर २००१ मध्ये, सुरतगडहून रात्री उडालेलं फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचं मिग कोसळलं. ठपका वैमानिकावर आला. आई कविता आणि वडील, स्वतः हवाईदलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले अनिल गाडगीळ, यांना ते पटलं नाही. दोघांनी विमान-सुरक्षेसाठी संस्था काढली, उघडपणे प्रश्न विचारले. एका मराठी घरानं मुलगा गमावल्यावर केलेलं हे काम मला चंदीगडच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, प्रशिक्षण मागितलं.

बरं, नुसतं गुणगानही मला नको. १४ डिसेंबर १९७१ ला याच मिगनी ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं डागली आणि गव्हर्नरनं राजीनामा दिला, हे नातवंडांना जरूर सांगावं. पण नंतर नवी विमानं वेळेवर आली नाहीत म्हणून १९५०च्या दशकातली रचना २०२५ पर्यंत ओढली, हेही त्याच दमात सांगावं.

हे सगळं दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "मग नाव काय ठेवायचं?" मी म्हटलं, मिग-२१ हेच नाव आहे की. ताईच्या नातवाला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. आतला वैमानिक दिसत का नाही? किटमधली ती बसलेली आकृती मी बाजूला ठेवली होती, कारण हौशी मंडळी बहुधा कॉकपिट रिकामंच दाखवतात. पोराचं म्हणणं रास्त होतं. काचेचं झाकण अजून नुसतं टेकवलेलं होतं. ते काढून दोघांनी मिळून चिमट्यानं त्याला आत बसवलं.

आता नॅट करायला घेतलंय. तेही मिगपेक्षा बरंच लहान, त्यामुळे चष्म्याचा नंबर वाढणार असं दिसतंय.