मान टाकलेली कोंबडी पातेल्यात नको

भांडगावात आमच्या वस्तीत आता घरोघरी कोंबड्या दिसू लागल्या आहेत. कुणी गावरान पाळल्या, कुणी गिरिराजा, वनराजाची पिल्ले आणली. पोरांना घरचे अंडे मिळते, अडीनडीला एखादी कोंबडी विकून गॅसची टाकी येते. चांगलेच झाले. पण पिल्ले मोठी झाली, कोंबडे एकमेकांना टोचू लागले आणि कापायची वेळ आली की घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पूर्वी गावचा मुलाणी कापून द्यायचा. नंतर हायवेच्या कडेला दुकाने झाली, तिथे सोलून, तुकडे करून पिशवीत मिळू लागले. त्यामुळे आज तिशीतल्या सुनेने कोंबडी आतून कधी पाहिलेलीच नसते.

आरोग्याच्या पानावर, तेही बौद्धांच्या मासिकात, कोंबडी कापण्याची चर्चा कशाला, असे काहीजण म्हणतील. पहिले शील आम्हीही रोज म्हणतो. ज्यांनी मांसाहार सोडला त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण ज्या घरात चिकन शिजते त्या घराने दुकानदाराच्या हातून मारलेले चालते आणि आपल्या हाताने नको, असे म्हणण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या हौसेपोटी मारणे यांत फरक केला आहे. मरीआईला, म्हसोबाला नवसाचे कोंबडे आपण सोडले, ते याच समजुतीने. पोटासाठी मारायचे असेल तर जिवाचे हाल न करता आणि घराचे आरोग्य सांभाळून मारावे, एवढेच आमचे म्हणणे.

खरी भीती वेगळीच आहे. पहिल्यांदा घरी कोंबडी कापली जाते ती बहुतेक वेळा ठरवून नाही, घाईने. सकाळी दोन कोंबड्या मान टाकून बसलेल्या दिसतात, हिरवट हगतात, चोच उघडी ठेवून श्वास घेतात. मानमोडी आली, हे म्हातारीला लगेच कळते. मग विचार येतो, मरून वाया जाण्याआधी कापून घ्या. चार-पाचशे रुपयांचा माल डोळ्यांदेखत जातो आहे, हे दुःख आम्हाला समजते. तरीही सांगतो, ती कोंबडी कापू नका. आपोआप मेलेली तर मुळीच नाही.

“चांगली उकळली की जंतू मरतात” हे उत्तर आम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळते. ते खोटे नाही. सत्तर अंशांपर्यंत आतून-बाहेरून शिजलेल्या मांसात बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही. पण धोका ताटात नसतो, तो त्याआधीच्या अर्ध्या तासात असतो. आजारी पक्षी हातात धरताना, रक्त उडताना, पिसे उपटताना, आतडी काढताना तो हाताला, नाकाला, डोळ्याला लागतो. माणसांना बर्ड फ्लू झाल्याचे जगभर जे दाखले आहेत, त्यांतले बरेचसे आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांना असे हाताळल्याचे आहेत. आपल्या देशात कोंबड्यांतला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात आला आणि त्याच महिन्यात आपल्या दौंड तालुक्यातल्या बोरीबेलला. म्हणजे हे दूरचे नाही. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. ते प्रयोगशाळेचे काम आहे.

आणखी एक गोष्ट या पानावर बोललीच पाहिजे. आपल्या पूर्वजांना गावाने मेलेल्या जनावराचे मांस खायला लावले आणि वर त्याचाच कलंक त्यांच्या माथी मारला. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले आणि घराघरांनी उपाशी राहून सोडले. ती फक्त सोवळ्या-ओवळ्याची बाब नव्हती. माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची होती. आज मेलेली कोंबडी “आपलीच तर आहे” म्हणून चुलीवर चढते तेव्हा आम्हाला ते आठवते.

मग करायचे काय? एकाच वेळी दोन-तीन पक्षी दगावले तर बाकीचे वेगळे करा, पोरांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. १९६२ या नंबरवर फोन केला तरी चालतो. कळवले की सगळ्याच कोंबड्या मारतील, या भीतीने लोक गप्प बसतात. बर्ड फ्लू ठरलाच तर परिसरातले पक्षी मारावे लागतात, हे खरे. पण भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मरून गेलेल्यांची नाही. उशीर केला तर तोटा आपलाच. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. कुत्र्याला उकरता येणार नाही एवढ्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. उचलताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला, नाकातोंडाला फडके बांधा.

आता निरोगी कोंबडीबद्दल. ती डोळ्यांनी तरतरीत, चालती-फिरती आणि दाणे टिपणारी असावी. औषध पाजले असेल तर पुडीवर लिहिलेले दिवस सरेपर्यंत थांबा. आदल्या रात्रीपासून दाणे बंद ठेवा, पाणी चालू ठेवा. पोट रिकामे असले की आतडी फुटून घाण मांसाला लागण्याचा धोका कमी होतो. अंगणभर पळवून धरू नका, रात्री खुराड्यातच शांतपणे उचलून ठेवा. सुरी धारदार हवी, हे सर्वांत महत्त्वाचे. बोथट सुरीने कोंबडीचेही हाल होतात आणि आपलेही बोट जाते. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा एका झटक्यात कापाव्यात, डोके खाली धरून दोन-तीन मिनिटे रक्त निथळू द्यावे. फडफड पूर्ण थांबल्याशिवाय पाण्यात बुडवू नये. जिवंतपणी गरम पाण्यात घालण्याइतके निर्दय काही नाही.

उकळते पाणी आणि तेवढेच साधे पाणी एकत्र केले की पिसे सोडवायला बरोबर होते. पाऊण ते एक मिनिट बुडवायचे, पंखाचे मोठे पीस सहज निघाले की झाले. बारीक लव जाळावर भाजून घ्यावी, पण जाळ लाकडाचा किंवा पाचटाचा. टायर, प्लास्टिक पेटवून भाजलेले आम्ही पाहिले आहे. तो धूर आणि काजळी दोन्ही विषच. मग गळ्याजवळची दाण्यांची पिशवी काढा, गुदद्वाराभोवती हलक्या हाताने चीर द्या आणि आतडी अखंड बाहेर ओढा. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटली तर मांस कडू होते, म्हणून तिथे घाई नको. काळजावर पांढरे ठिपके, आत दुर्गंधी किंवा पाणी दिसले तर मोह सोडा, सगळे पुरून टाका.

कापण्याची जागा नळकोंडाळे नसावी. तिथूनच सगळी वस्ती पाणी भरते. सुरी, पाट, हात साबणाने धुतल्याशिवाय कांदा-कोथिंबीर चिरायला घेऊ नये, जुलाब-उलट्या बऱ्याचदा तिथून सुरू होतात. फ्रीज नसेल तर सकाळी कापा आणि दोन तासांच्या आत चुलीवर चढवा.

हे सगळे करणार कोण? कोंबडीच्या मानेवर सुरी फिरवून मर्दानगी दाखवणारे घरात एक-दोन असतात. पिसे, आतडी, रक्त धुणे बाईकडे, बऱ्याचदा गरोदर सुनेकडे येते. आमचे स्पष्ट मत आहे, जो कापेल त्यानेच साफ करावे. तिने त्या दिवशी आतड्यांना हात लावू नये.

आणि लस. लासोटाची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, बर्फातून आणावी लागते, कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या एका घराला ती परवडत नाही, म्हणून कुणीच देत नाही आणि मानमोडी सगळ्यांचीच खुराडी रिकामी करते. रविवारच्या वंदनेनंतर विहारात पंधरा घरांनी नावे आणि पक्ष्यांचा आकडा लिहावा, बाटलीचा खर्च वाटून घ्यावा, पशुवैद्यकीय दवाखान्याकडून तारीख घ्यावी. पिल्ले पाच ते सात दिवसांची असतानाच डोळ्यात एक थेंब पडायला हवा.