एक्स-रेच्या भरवशावर राहू नका

छातीचा एक्स-रे स्वच्छ आला की सिगारेट ओढणारा निर्धास्त होतो. खोकला नाही, दम लागत नाही, म्हणजे आपल्याला काही झालेलं नाही, असं तो धरून चालतो. पण धुराचा मार फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही बसतो, आणि ते अस्तर एक्स-रेत दिसत नाही.

आपण नुसते बसलेलो असलो तरी हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फुप्फुसांकडे पाठवतं. तिथे कोट्यवधी वायुकोश असतात आणि त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचं जाळं. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ. म्हणून प्राणवायू चटकन रक्तात उतरतो, आणि झुरक्यातलं विषही तितक्याच सहज.

रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतं. त्यामुळे वाहिन्या सैल राहतात. त्याचं हे काम उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल मिळालं. धुरामुळे अस्तर दुखावतं, हा वायू कमी पडतो, सूज येते आणि वाहिन्यांच्या भिंती जाड होऊ लागतात. श्वासाची चाचणी नॉर्मल असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांतही अशा जाड वाहिन्या आढळल्या आहेत.

पुढे वायुकोशांच्या भिंती विरल्या की त्यांतल्या केशवाहिन्याही जातात. उरलेल्या अरुंद वाटांतून तेवढंच रक्त न्यायचं तर दाब वाढतो. हृदयाची उजवी बाजू मुळात कमी दाबावर चालणारी. काही जणांत ती थकते. मग जिना चढताना धाप लागते, घोट्यांवर सूज दिसते. इतकं होईपर्यंत थांबायचं कशाला?

‘मी दिवसाला एकच ओढतो’ यावरही विसंबू नका. दिवसाला वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा एका सिगारेटीनेच वाढतो. बिडी हलकी असते हाही गैरसमज. तिच्यातून निकोटीन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटीइतकंच किंवा जास्तच मिळतं. आणि घरात ओढलेल्या सिगारेटीचा धूर मुलंही घेतात.

गेलेले वायुकोश परत येत नाहीत, हे खरं. पण सिगारेट सोडल्यावर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत रक्ताभिसरण सुधारतं. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो.

तेव्हा एक तारीख ठरवा आणि घरच्यांना सांगून टाका. घरातली पाकिटं, लायटर, ॲशट्रे काढून टाका. चहासोबत सिगारेट लागत असेल, तर काही दिवस टपरीऐवजी घरी किंवा ऑफिसात चहा घ्या. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते; तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, एक फेरी मारून या. पहिला आठवडा सर्वांत जड जातो. चिडचिड होईल, झोप उडेल. त्रास फार होत असेल तर डॉक्टरांना विचारा. निकोटीनची च्युइंगगम आणि गोळ्या याचसाठी असतात. मध्येच एखादी ओढली गेली, तर ‘आता काय, मोडलंच’ म्हणून पाकीट विकत आणू नका. पुढची टाळा.

सरकारची मोफत हेल्पलाइनही आहे: १८००-११-२३५६. हा नंबर पाकिटावर छापलेला असतो. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्टी सिगारेट विकायला बंदी आहे, तरी टपरीवरून सुट्टी घेणारे आहेतच, आणि त्यांच्या हाती ना पाकीट येतं ना नंबर. त्यांनी तो इथून उतरवून घ्यावा आणि पुढची सिगारेट मागण्याआधी लावावा.