उस्मानाबादने दिलेले उत्तर

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने निम्म्यावर आणता येतात, हे जगाला पहिल्यांदा दाखवून दिले ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायकांनी. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले आहे. वैद्यकाच्या ग्रंथांत मात्र तो उस्मानाबाद म्हणूनच राहील, कारण एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेला तो निष्कर्ष आज जगभरच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या पायाशी आहे. ज्या गावांनी हे उत्तर मिळवून दिले, त्यांच्याच देशाने ते बासनात बांधून ठेवले. या संपादकीयाचा विषय तोच आहे.

हा रोग कसा कळत गेला, ते थोडे मागे जाऊन पाहायला हवे. १८४२ साली इटलीतल्या रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरने व्हेरोना शहरातल्या १७६० ते १८३९ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या. मठातल्या नन्स गर्भाशयाच्या कॅन्सरने क्वचितच मरत होत्या, संसारी बायका पुष्कळ. हातात केवळ मृत्यूंची नोंदवही असलेल्या माणसाला रोगाचा लैंगिक संबंधांशी असलेला दुवा दिसला. त्या दुव्यामागचा विषाणू हाती यायला १९८३ साल उजाडले. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्हीचा सोळावा प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये दाखवला आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. दरम्यान १९४० च्या दशकात पॅपानिकोलाऊ यांची पेशी तपासण्याची रीत, आपण जिला पॅप म्हणतो ती, पाश्चात्त्य देशांत रुजली आणि तिथले मृत्यू झपाट्याने घटले. पण पॅपला सूक्ष्मदर्शकापाशी बसणारी तयार नजर लागते आणि ती तपासणी दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. तालुक्याला धड एक पॅथॉलॉजिस्ट नसलेल्या देशात ही रीत पुस्तकातच राहिली.

उस्मानाबादच्या प्रयोगाचा पाया ठरलेले बार्शीचे काम सुरू झाले ते या पार्श्वभूमीवर. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून चालू होती, पण खेड्यातल्या कॅन्सरचा हिशेब देशात कोणाकडेच नव्हता. १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. शहरात नोंदणी म्हणजे इस्पितळांचे कागद गोळा करणे. इथे रोगी इस्पितळापर्यंत पोचतच नव्हता, तर कागद कुठून येणार? म्हणून डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी गावात जाऊ लागले. जाणत्या माणसांना भेटायचे, लोकांना जमवून लक्षणे सांगायची. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागले, घाण वासाचे पाणी जाऊ लागले तर लपवू नका, असे चारचौघांत बोलायचे. संशय आला की बाईला बार्शीला आणायचे. ऐंशीच्या दशकातल्या गावात हे बोलणे सोपे नव्हते, आजही नाही.

त्या नोंदींतून निघालेले चित्र अस्वस्थ करणारे होते. एकूण कॅन्सर मुंबईपेक्षा कमी, पण बायकांमधल्या कॅन्सरपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या गर्भाशयमुखाचे. दुसरी गोष्ट आशेची होती. नुसत्या बोलण्याने, एकही चाचणी न करता, बायका रोगाच्या आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. १९९५ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. मला स्वतःला बार्शीचे हे काम पुढच्या मोठ्या प्रयोगाइतकेच मोलाचे वाटते. रोग मोजण्यासाठी गेलेल्या माणसांनी मोजता मोजताच तो थोडा मागे रेटला.

मोठा प्रयोग १९९९ साली सुरू झाला. बार्शीचे इस्पितळ, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले. एका गटाला एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटाला तपासणीचे बोलावणे नव्हते. त्यांना फक्त माहिती दिली गेली आणि जी नेहमीची आरोग्यसेवा होती ती मिळत राहिली. आठ वर्षांनी हिशेब झाला तेव्हा चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू झाले होते, एचपीव्ही गटात ३४. पुढच्या टप्प्यावर गेलेले कॅन्सरही तिथे निम्म्याहून कमी. पॅप आणि व्हीआयए यांच्या गटांत मृत्यूंमध्ये भरवशाचा फरक पडलाच नाही.

त्याहून बोलका आकडा त्याच निबंधात आहे, आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. चाचणीत ‘काही नाही’ असे निघालेल्या बायकांना पुढे कॅन्सर होण्याचे वार्षिक प्रमाण एचपीव्ही गटात लाखामागे ३.७ होते, पॅप गटात १५.५, व्हीआयए गटात १६. विषाणूची लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-वीस वर्षे जातात, त्यामुळे विषाणूच नाही म्हटल्यावर बाई कित्येक वर्षे निर्धास्त राहू शकते. जिला दवाखान्यात येण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते, तिच्या दृष्टीने एका फेरीत मिळणारी ही निर्धास्ती फार मोठी आहे.

चौथ्या गटावरून वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला व्हीआयएचा प्रयोग, तमिळनाडूतला दिंडिगुलचा आणि हा, अशा तिन्ही प्रयोगांवर टीकाकारांनी बोट ठेवले: तपासणीने जीव वाचतात हे ठाऊक असताना हजारो गरीब बायकांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे कोणत्या न्यायात बसते? संशोधकांचे म्हणणे होते की देशात कुठेच तपासणी होत नव्हती, तेव्हा ‘नेहमीची सेवा’ म्हणजे काहीच नाही, आणि मृत्यू घटल्याचा पुरावा असल्याशिवाय कोणतेही सरकार हलत नाही. पहिल्या आक्षेपात दम आहे. संमती घेताना त्या बायकांना नेमके काय सांगितले गेले, हा प्रश्नही रास्त आहे. पण संशोधकांची बाजू ज्या एका खांबावर उभी होती, तो त्यांनी नव्हे, सरकारांनी मोडला. पुरावा आला, आणि सरकार हलले नाही.

२०१६ साली केंद्राने कॅन्सर तपासणीची चौकट आखली. ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी तिने चाचणी निवडली ती व्हीआयए. मुंबईच्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ती केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते, खर्च नगण्य होता. तेव्हा निवड अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण मुंबईतली ती कडक देखरेख कागदावरच्या योजनेत कुठून यायची? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ज्यांची ही तपासणी कधी तरी झाली होती, त्या १.९ टक्के निघाल्या. उरलेला अख्खा देश उस्मानाबादचा चौथा गट आहे. त्यांची तर संमतीही कोणी विचारली नाही.

तपासणी नसली की तिच्या जागी काय येते, हे शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात ही बातमी २०१९ मध्ये गाजली. राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावर पांढरे जाते म्हणून गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ एवढे दोन शब्द सांगितले की पुरे होत असे. ज्या भीतीला एका चाचणीने उत्तर देता आले असते, तिच्यावर शस्त्रक्रियेचा धंदा उभा राहिला.

एचपीव्हीवरच्या लसीची कथा याच मातीतून पुढे जाते. २००९ मध्ये दोन डोस पुरतील की तीन लागतील हे पाहणारा प्रयोग भारतात सुरू झाला, पुणे आणि बार्शी ही त्याच्या केंद्रांपैकी होती. दरम्यान खम्मम आणि वडोदऱ्यातल्या एका वेगळ्या लसप्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. मृत्यूंचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही, संमती घेण्यातली ढिलाई मात्र चौकशीत उघड झाली. एप्रिल २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लसीचे सगळेच प्रयोग थांबवले. त्यामुळे सुमारे ५ हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. दहा वर्षे त्यांची विचारपूस चालू ठेवली गेली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आला: चिवट लागणीपासून एका डोसचे संरक्षण ९५ टक्क्यांच्या घरात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा मानला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला परवानगी मिळाली.

मात्र आज तिशी-चाळिशीत असलेल्या बाईला लसीचा फारसा उपयोग नाही. तिला चाचणीच हवी. देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार मरतात. २००९ मध्ये ‘प्रयोगशाळा कुठे आहे’ हे कारण पटण्यासारखे होते. कोविडने जिल्ह्याजिल्ह्यात पीसीआर नेऊन ठेवल्यावर ते पटत नाही. क्षयरोगासाठी आरोग्य केंद्रांत वापरले जाणारे ट्रूनॅट यंत्र गोव्याच्या कंपनीचे, आणि त्यावर एचपीव्हीची तपासणीही होते. नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो, असे २०२१ ची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, म्हणजे टेबलावर झोपण्याचा संकोचही आड येत नाही. पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा एवढेच जागतिक आरोग्य संघटनेचे निर्मूलनाचे धोरण मागते.

यंत्राची सोय झाली तरी अवघड भाग पुढेच आहे. उस्मानाबादमध्ये शंभरातल्या दहा जणींच्या चाचणीत विषाणू सापडला होता. त्या दहाजणींना हुडकून परत बोलावणे, धीर देणे, गर्भाशयमुख पुन्हा तपासणे, जिथे डाग असेल तिथे तो गोठवून किंवा जाळून टाकणे हे सगळे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्हायला हवे. त्यासाठी परिचारिका आणि डॉक्टर तयार करावे लागतील, आणि आशा ताईंना दर फेरीचा मोबदला वेळेवर द्यावा लागेल. राज्याच्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद कोणत्या वर्षी होणार, हे आरोग्यमंत्र्यांनी सांगावे.