पद्मिनीचा ‘ओरिजिनल’ पार्ट: खोक्यावरचं नाव बघायचं की आतलं रबर?

मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची वयोमर्यादा संपली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. फणसवाडीपासून दादर-परळपर्यंत, आजोबांची गाडी म्हणून जपलेली एखादी दिसतेच. तिचं उत्पादन थांबून पाव शतक होत आलं. मग पार्ट येतात कुठून? आणि ते बनवायला कुणाचा परवाना लागतो?

पार्टच्या तीन वाटा

पहिली वाट म्हणजे तोडलेल्या गाड्यांचा माल: कुर्ल्याचा भंगारबाजार, चोरबाजार. दुसरी, कंपनीच्या काळातला न वापरलेला, खोकाबंद माल. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात तो एखाद्या दुकानाच्या माळ्यावरून निघतो. तिसरी, आज नव्याने बनवलेला पार्ट, म्हणजे रिप्रॉडक्शन. याला बाजारात सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणतात. माझा आक्षेप या सरसकटपणालाच आहे.

कायदा काय म्हणतो?

डिझाइन्स कायदा २००० नुसार डिझाइनला जास्तीत जास्त १५ वर्षं संरक्षण मिळतं, पेटंटला २० वर्षं. पद्मिनी ही मुळात १९६० च्या दशकातली फियाट ११००. त्यामुळे तिच्या मूळ रचनेवरचे असे हक्क केव्हाच संपले. तिचा बंपर किंवा ब्रेक सिलिंडर आज कुणीही बनवू शकतो.

ट्रेडमार्कचं गणित वेगळं आहे. दर १० वर्षांनी नूतनीकरण केलं की तो चालूच राहतो. तरी ‘हा पार्ट पद्मिनीला बसतो’ असं खोक्यावर लिहायला ट्रेडमार्क कायदा १९९९ चं कलम ३० मुभा देतं. कंपनीचा लोगो छापून तिचाच माल असल्याचं भासवणं मात्र गुन्हा आहे. कलम १०३ नुसार त्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद होऊ शकते.

थोडक्यात, परवाना नावाचा असतो. ब्रेक लागेल की नाही, याची हमी त्यात आपोआप येत नाही.

खरी परीक्षा रबराची

पद्मिनीचे ब्रेक ड्रमचे. चाकाजवळच्या सिलिंडरमध्ये छोटे रबरी कप असतात आणि तेलाचा दाब तेच धरून ठेवतात. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकोलचं असतं. त्याला ईपीडीएम रबर चालतं. इंजिन ऑइलसाठी उत्तम असलेलं नायट्राइल रबर या तेलात फुगतं. दोन्ही कप काळेच, दिसायला सारखेच. चूक कळते ती वाळकेश्वरच्या उतारावर.

आता गंमत बघा. माळ्यावरच्या सीलबंद ‘ओरिजिनल’ खोक्यातलं रबरही ३०-४० वर्षांत कडक होतं, त्याला भेगा पडतात. योग्य रबराचा, मापात बनवलेला आजचा पार्ट त्यापेक्षा सुरक्षित असतो. पण आपण जास्त पैसे मोजतो ते जुन्या खोक्यालाच.

नियमांत काय राहिलं?

केंद्राने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. नंबर प्लेटवर ‘व्हीए’, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. पद्मिनी नाव लागलेल्या पहिल्या गाड्या आता पन्नाशी गाठत आहेत. पण मूळ रूप टिकवणारे पार्ट कुठल्या दर्जाचे असावेत, याची सोय या नोंदणीत नाही.

ब्रिटनमध्ये १९७५ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था जुन्या एमजी, मिनीसारख्या गाड्यांचे पार्ट बनवते आणि इतर उत्पादकांना परवाने देते. तिथे नाव आणि दर्जा यांची सांगड घालण्याचा प्रयत्न तरी आहे.

आपल्याकडे सगळ्याच पार्टना चाचणी सक्तीची केली, तर दोनशे नग बनवणारा छोटा कारखानदार धंदाच सोडेल. म्हणून दोन भाग करावेत. बॅज, हबकॅप, क्रोमच्या पट्ट्या यांना मोकळीक. ब्रेक, स्टीअरिंग आणि पेट्रोलच्या नळ्यांना मात्र प्रत्येक बॅचमागे नमुना चाचणी. पुण्यात ‘एआरएआय’सारखी संस्था आहे, ब्रेक होजसाठी ‘आयएस ७०७९’ हे मानकही आहे. खर्च वाटून घ्यायला जुन्या गाड्यांचे क्लब पुढे येऊ शकतात.

तोवर तुम्ही काय कराल?

दुकानात ‘ओरिजिनल आहे का?’ एवढंच विचारू नका. बनवणारा कोण, रबर कुठलं, कधी बनवलं, हे विचारा आणि पक्कं बिल घ्या. उत्तर मिळालं नाही, तर त्या दुकानातून हबकॅप खुशाल घ्या. ब्रेकचा कप घेऊ नका.