स्वस्त तिकीट, स्वस्त माणूस?

"स्वस्तातले तिकीट घेतलेत ना, मग आता सोसा!" परदेशाहून घरी येणाऱ्या आपल्या माणसांना हे वाक्य नाना रूपांत ऐकावे लागते. विमानतळावरच्या काउंटरमागचा कर्मचारी ते सभ्य इंग्रजीत सुनावतो, ट्रॅव्हल एजंट हसत हसत सांगतो आणि घरी भेटायला आलेले सोयरेधायरेही चहा पिता पिता तेच बोलून मोकळे होतात. सर्वांत दुःखाची गोष्ट ही, की ज्याने सोसलेले असते त्यालाही ते मनोमन पटलेले असते. या वाक्यात मोठे व्यवहारज्ञान आहे, असा समज आहे. वस्तुतः त्यात एक असत्य दडलेले आहे, आणि ते उघडे पाडणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जे मान्य करायला हवे ते मान्य करू. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले, तेव्हा त्यात बसणे सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हते. पुढे १९५२ साली अटलांटिक महासागरावरच्या उड्डाणांत टुरिस्ट क्लास आला, १९५८ साली इकॉनॉमी क्लास आला, आणि हळूहळू आकाशाचे दार सर्वांना किलकिले झाले. आज आपल्या धर्मग्रामांतली परिचारिका, वेल्डर, जहाजावरचा आचारी, कॅनडात शिकणारा विद्यार्थी हे सारे विमानाने घरी येतात, ते या वर्गामुळेच. इकॉनॉमी क्लास हा गरिबाचा अपमान नव्हे, ती त्याची सोय आहे. ती नाकारण्याचा करंटेपणा कोणी करू नये.

हेही मान्य करू, की सोयीला मर्यादा असतात. दोन रांगांमधले अंतर साधारण एकतीस इंचांवर आले आहे. बोइंग ७७७ विमानात एका ओळीत नऊ खुर्च्या असत, तिथे आता बहुतेक कंपन्या दहा बसवतात. टोरांटो ते मुंबई हे साडेबारा हजार किलोमीटरचे अंतर अशा खुर्चीत काटणे म्हणजे शरीराची परीक्षाच. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास पायातील रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटले आहे. हा धोका मुळात लहान आहे, आणि पुढच्या प्रशस्त खुर्चीत हालचाल न करता बसणाऱ्यालाही तो चुकत नाही. म्हणून गुडघे अवघडल्याची तक्रार घेऊन मी उभा नाही. प्रवाशाने अरुंद खुर्ची पाहून, भाव करून विकत घेतलेली असते. तिच्याबद्दल "सोसा" म्हटले, तर ते एक वेळ चालेल.

परंतु तिकीट म्हणजे केवळ खुर्ची नव्हे. "तुला मुंबईला पोहोचवतो" असे ते वचन आहे. पुढच्या दालनात बसलेल्या श्रीमंताला दिलेले वचन आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या मजुराला दिलेले वचन यांत अक्षराचाही फरक नाही. खुर्ची स्वस्त असू शकते, वचन स्वस्त असू शकत नाही. प्रवाशाने अरुंद जागा विकत घेतली, बेवारसपणा विकत घेतलेला नाही. आणि "सोसा" म्हणणारे नेमका हा बेवारसपणाच त्याच्या गळ्यात बांधू पाहतात.

हा बेवारसपणा कुठे भेटतो? बहुधा वाटेतल्या विमानतळावर, जिथे एक विमान सोडून दुसरे पकडायचे असते. एका तिकिटावर दोन उड्डाणे असतात आणि मध्ये सत्तर-पंचाहत्तर मिनिटे. ही मिनिटे प्रवाशाने ठरवलेली नसतात. एका विमानातून दुसऱ्यात जाण्यास कमीत कमी किती वेळ लागेल, याचे प्रत्येक मोठ्या विमानतळासाठी गणित मांडलेले असते. त्या गणितावर कंपनीचा संगणक दोन उड्डाणे जोडतो आणि विकतो. एवढ्या वेळात माणूस पोहोचेल, ही हमी कंपनीची असते. मग पहिले विमान दोन तास उशिरा उतरले आणि दुसरे निघून गेले, तर दोष कोणाचा? ज्याने गणित मांडले त्याचा, की ज्याने त्यावर विश्वास ठेवला त्याचा?

धर्मगुरूची या प्रश्नाशी गाठ विमानतळावर पडत नाही, मयताच्या घरी पडते. आई वारलेली असते, देह शवागारात ठेवलेला असतो आणि थोरला भाऊ हळूच विचारतो, "फादर, धाकटा टोरांटोहून निघालाय, अंत्यविधी सकाळऐवजी चार वाजता ठेवता येईल का?" वेळ बदलली जाते. आप्तेष्ट अंगणात बसून राहतात. आणि दुपारी फोन येतो, की मधले विमान चुकले, पुढचे उद्या रात्री. अशा वेळी घरच्यांनी काय करावे? किती वाट पाहावी? अखेर दफनविधी होतो, आणि मुलगा दोन दिवसांनी येऊन ताज्या मातीपुढे उभा राहतो. परदेशी माणसे असलेल्या गावांत असे घडते, हे वाचकांना मी सांगायला नको. त्या मुलाला "स्वस्त तिकीट घेतलेस ना?" असे विचारण्याचे धाडस कोणी करील काय?

कोणी म्हणेल, झाले ते पैशाने थोडेच भरून येणार? नाही येणार. पण जे नुकसान नंतर भरून येत नाही, ते आधीच टळावे म्हणून तर कायद्याचा धाक हवा. उशिराची किंमत जोवर केवळ प्रवासी मोजतो, तोवर वेळेवर निघण्याची घाई कोणाला असणार?

असा धाक घालता येतो, हे इतर देशांनी दाखवून दिले आहे. युरोपीय संघाचा २००४ चा विमानप्रवाशांविषयीचा नियम २००५ पासून अमलात आला. जर्मनीतील ब्रेमेनहून पॅरिस आणि साव पावलोमार्गे पॅराग्वेतील असुन्सिओनला निघालेल्या एका प्रवाशाचे पहिले विमान सुमारे अडीच तास उशिरा सुटले. पुढची जोड विमाने चुकली आणि मुक्कामी पोहोचायला अकरा तास उशीर झाला. २०१३ साली युरोपीय न्यायालयाने निवाडा दिला, की पहिल्या टप्प्याला किती उशीर झाला हे पाहू नका, माणूस शेवटच्या मुक्कामी किती उशिरा पोहोचला ते पाहा. किती सरळ न्याय आहे! कॅनडाने २०१९ मध्ये असाच नियम केला. कॅनडाला जाणाऱ्या आणि तेथून निघणाऱ्या प्रवाशाला, उशीर कंपनीच्या हातातील कारणाने झाला असेल आणि सुरक्षिततेसाठी नसेल, तर मोठ्या कंपनीने तीन तासांच्या उशिराला ४००, सहा तासांच्या उशिराला ७०० आणि नऊ तासांच्या उशिराला १००० डॉलर द्यावेत, असे त्यात आहे. इकॉनॉमी क्लासला कमी आणि बिझनेस क्लासला जास्त, असा भेद या दोन्ही नियमांत नाही.

आणि आपल्याकडे? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत उड्डाण रद्द झाल्याबद्दल आणि तिकीट असूनही विमानात चढू न दिल्याबद्दल भरपाई आहे. निव्वळ उशिरासाठी मात्र खाणेपिणे, ठरावीक प्रसंगी पर्यायी उड्डाण वा पैसे परत, आणि उशीर चोवीस तासांहून अधिक किंवा रात्रीच्या उड्डाणाला सहा तासांहून अधिक असेल तर हॉटेल. रोख भरपाईचा ठरलेला आकडा नाही. म्हणजे विमान तेच, खुर्ची तीच, ताटकळणे तेच, पण माणसाच्या वेळेचे मोल तो कोणत्या देशाच्या नियमाखाली आला यावर ठरायचे!

पासपोर्टचाही असाच वर्ग असतो. १ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून बहरीनमार्गे मँचेस्टरला निघालेल्या प्रवाशांचे विमान इंजिनातील बिघाडामुळे कुवेतला उतरवावे लागले. तेथे भारतीय प्रवासी सुमारे वीस तास अडकले. इतर काही देशांच्या पासपोर्टधारकांना हॉटेल मिळाले आणि आम्हांला जमिनीवर बसावे लागले, अशी त्यांची तक्रार होती. अखेर आपल्या दूतावासाचे अधिकारी विमानतळावर गेले, तेव्हा विश्रांतिकक्षाची सोय झाली. व्हिसाचे नियम कंपनी करीत नाही, हे खरे. पण आपल्या विमानात कोणत्या देशांची माणसे बसली आहेत, हे तिला उड्डाणापूर्वीच ठाऊक असते. त्यांना हॉटेलात नेता येणार नसेल, तर विमानतळातच अंथरूण, अन्न आणि माहिती देणे तिला अशक्य नसते.

आक्षेप दोन आहेत. पहिला असा, की वादळवाऱ्याला कंपनी काय करणार? एप्रिल २०२४ मध्ये दुबईत विक्रमी पाऊस झाला आणि हजारो प्रवासी अडकले, तो दोष कोणाच्या माथी मारायचा? कोणाच्याही नाही. वर सांगितलेले दोन्ही परदेशी नियम अशा आपत्तीत कंपनीला रोख भरपाईतून सूट देतात. भांडण पावसाशी नाही, पावसाच्या नावाखाली लपवल्या जाणाऱ्या ढिसाळपणाशी आहे. दुसरा आक्षेप असा, की कंपन्यांचा नफा तुटपुंजा आहे. आयाटा या त्यांच्या संघटनेने २०२५ साठी माणशी सुमारे सात डॉलर नफ्याचा अंदाज सांगितला होता. भरपाई लादल्यास भाडे वाढेल आणि गरिबाचेच नुकसान होईल, असे म्हणतात. परंतु नियम सर्व कंपन्यांना सारखा असेल, तर प्रामाणिकपणे वेळ पाळणाऱ्याचा तोटा होत नाही, वेळ मोडणाऱ्याचा होतो. गरिबाचा कळवळा भाडे वाढण्याच्या वेळीच का येतो? नाताळ जवळ आला, की आखातातून मुंबईला येणाऱ्या विमानांची भाडी कडाडतात, तेव्हा तो कळवळा कुठे रजेवर जातो?

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळू. आपण सोशिक माणसे आहोत आणि सोशिकपणाला आपण सद्गुण मानतो. दुसऱ्यासाठी कष्ट सोसणे हा सद्गुण खराच. पण आपला न्याय्य हक्क ठाऊक करून न घेता मान खाली घालणे, याला सोशिकपणा म्हणत नाहीत, त्याला मिंधेपणा म्हणतात. त्याचा भार आपल्यामागून त्याच रांगेत उभ्या राहणाऱ्या अधिक दुबळ्या माणसावर पडतो.

हक्क अगदीच नाहीत असेही नाही. १९९९ चा माँट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला. त्यानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात उशिरामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर आहे, तिने ते टाळण्यासाठी सर्व वाजवी उपाय केल्याचे सिद्ध केले नाही तर. २८ डिसेंबर २०२४ पासून या कराराने उशिरासाठी घातलेली कमाल मर्यादा माणशी ६,३०३ एसडीआर, म्हणजे आजच्या हिशेबाने सात लाख रुपयांच्या वर आहे. ही रक्कम आपोआप हातात पडत नाही, प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते. म्हणून हॉटेलची, जेवणाची, टॅक्सीची पावती जपून ठेवावी. उशिराचे कारण काउंटरवर लेखी मागावे. सामान मोडले तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाले तर हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी. दावा दोन वर्षांच्या आत लावावा. आपली न्यायालये या बाबतीत बहिरी नाहीत. अजमेर–जम्मू एक्स्प्रेस चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे जम्मूहून श्रीनगरचे विमान चुकले, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला भरपाईतून सोडले नाही. उशिराचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते, हे रेल्वेने सिद्ध करायला हवे, असे त्या न्यायालयाने बजावले. रेल्वेला जो न्याय, तोच विमानाला का नको?

म्हणून आपल्या खासदारांकडे मागणी एकच करावी: शेवटच्या मुक्कामी झालेल्या उशिराला भारतातही ठरलेली भरपाई असावी, आणि ती सर्व वर्गांना सारखी असावी. त्याबरोबर दुसरा एक नियम व्हायला हवा. काही एजंट आणि तिकीट विकणारी संकेतस्थळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे जोडून एकाच प्रवासासारखी विकतात. त्यात पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो. प्रवासी 'आलाच नाही' अशी नोंद होते आणि पुढचे तिकीट बहुधा वाया जाते. चार-पाच हजार रुपये वाचवलेला माणूस मग ऐनवेळी चाळीस-पन्नास हजारांचे तिकीट काढतो. ही तिकिटे दोन आहेत आणि मधली जोखीम तुमची आहे, हे मोठ्या अक्षरांत आणि गिऱ्हाइकाच्या भाषेत लिहून दिल्याशिवाय ती विकता येऊ नयेत.

हा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर या नाताळला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तुमचा मुलगा, मुलगी, जावई घरी यायला निघतील, तेव्हा 'येताना काय आणतोस' हे विचारण्याआधी एवढेच विचारा: "बाळा, तिकीट एक आहे की दोन?"